खारीने खाल्ली म्हणून चांगली?

पाऊस लागला की आपल्या मुरगूडच्या शिवारात वारुळावर अळंबी उगवते आणि बांधावरच्या आंब्यावर खार धावते. एक जागची हलत नाही, दुसरी जागेवर ठरत नाही. तरी दोघींना आयते अन्न लागते. झाडासारखे उन्हावर ते बनवता येत नाही. खार खाऊन पचवते, अळंबी बाहेरच पचवून मग शोषून घेते. वारुळातल्या अळंबीला तर वाळवी पालापाचोळा पुरवते आणि तिने मऊ केलेला तो स्वतः खाते. अल्लाहने प्रत्येकाच्या रोजीची तऱ्हा निराळी ठेवली आहे.

म्हणूनच खारीने कुरतडलेली अळंबी आपल्यालाही चालेल, असे आपण समजू नये. तिला पचते ते माणसाच्या जिवावर बेतू शकते. काही अळंबींचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या थांबून बरे वाटते, मग दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होते. हदीसमध्ये ज्या 'कमअ'चा उल्लेख आहे, ती वाळवंटी जमिनीतली वेगळी जात.

ओळख पक्की नसेल तर अळंबी घरात आणू नये. कुणी खाल्लीच, तर त्रासाची वाट न पाहता उरलेला तुकडा घेऊन लगेच दवाखाना गाठावा. जीव ही अल्लाहची अमानत आहे.