मोत्याचे अभ्यंगस्नान

गेल्या दिवाळीत पुण्याच्या भाच्याने फराळाच्या डब्याबरोबर एक रंगीत खोके पाठवले. ते उघडताना आमच्या मंडळींचा चेहरा फुलला होता. उघडल्यावर तो पाहण्यासारखा झाला. आत कुत्र्याचा शांपू, कुत्र्याच्या तळपायांचे मलम आणि कुत्र्याचे अत्तर! "मामा, हे स्पाचं सामान आहे. धावणाऱ्या कुत्र्याला लागतंच," अशी चिठ्ठीही होती. आम्हा प्राध्यापकांना सणाला साबणाची वडी मिळते. मोत्याचा थाट निराळा.

मोत्या आमच्याकडे आला तो रिसोडकडच्या एका धनगराच्या कळपातून. अंगात कारवानी रक्त. लांब तोंड, आत गेलेले पोट, आणि पाय असे की पहाटे वाशीमबाहेरच्या सोयाबीनच्या शिवारात सोडला तर तो दिसत नाही, फक्त पीक हलताना दिसते. अशा धावपटूचे लाड करावेत, असे कोणाला वाटणार नाही? मी दर रविवारी त्याला शांपूने घासू लागलो. अत्तर मात्र एकदाच लावले. त्यानंतर तो तासभर अंगणातल्या मातीत लोळत होता. त्याचेही बरोबरच होते. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख, त्याच्या नाकात १० कोटींहून अधिक. आपल्याला मंद वाटणारा सुवास त्याच्या नाकाशी नगारा वाजवीत असणार.

श्रावणात मोत्याने धावणे सोडले. मग भाकरी सोडली. एके सकाळी त्याच्या नाकातून रक्ताचा थेंब ओघळला, तेव्हा माझे पाय कापू लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या पांढुरक्या पडल्या होत्या. रक्त तपासले, रक्त गोठवणाऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. गोचीड ताप! "पण डॉक्टर, मी तर त्याला दर आठवड्याला न्हाऊ घालतो," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. त्यांनी मोत्याच्या पुढच्या पायाची बोटे फाकून दाखवली. तिथे मुगाएवढ्या दोन गोचिड्या बसल्या होत्या.

डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस चालल्या, त्याही भरल्या पोटी. ज्याने अन्न सोडले आहे त्याचे पोट भरायचे कसे, हे आमच्या मंडळींनाच ठाऊक. रात्री दोन वाजता त्या बोटाने पातळ भात चाटवीत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

तो धनगर योगायोगाने त्याच दिवसांत आला. मोत्याला पाहून म्हणाला, "मास्तर, नुसतं धुऊन काय होते? कान उलटून पाह्यले काय?" बोलता बोलता त्याचा हात मोत्याच्या अंगावरून फिरत होता: कानाच्या घडीत, काखेत, शेपटीच्या बुडाशी, बोटांच्या बेचक्यांत. पंजातून त्याने एक कुसळही ओढून काढले. हे कुसळ एकाच दिशेने आत सरकत जाते आणि आत पू धरते. चाळीस वर्षे त्याने शांपूची बाटली पाहिली नव्हती, पण त्याच्या बोटांना कुत्रा पाठ होता.

आता आमच्याकडे शिवारातून आल्यावर रोज पाच मिनिटे हात फिरतो. गोचीड दिसली, तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. चिरडायची नाही, घासलेट ओतायचे नाही. तिची बहुतेक जिंदगी कुत्र्यावर नव्हे, भिंतींच्या फटींत जाते. म्हणून अंगणातल्या फटी बुजवल्या. मानेवर सोडायचे औषध डॉक्टरांनी दिले आहे, आणि त्याच्या आगेमागे दोन दिवस अंघोळ नाही. एरवीची अंघोळही कमी केली, कारण रोजच्या घासण्याने कातडीचे तेल जाते. माणसाचा साबण तर नकोच. आपली कातडी आम्लधर्मी, त्याची तशी नाही. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर माझ्या हाताचा मागचा भाग पाच सेकंद टिकला नाही, तर मोत्याही बाहेर पडत नाही. तळपायांचे मलम मात्र उपयोगी निघाले. भाच्याला तेवढे श्रेय दिले पाहिजे.

यंदा आमच्या धाकटीचा हट्ट आहे की नरकचतुर्दशीला मोत्यालाही उटणे लावायचे. मी नाही म्हटले. अंगाला लावलेले सारे तो चाटतो, आणि उटण्यातला कापूर त्याच्या पोटात विष होतो. पण नेपाळात याच दिवसांत कुकुर तिहार असतो, कुत्र्यांना टिळा लावून झेंडूच्या माळा घालतात, हे सांगितल्यावर तिने तडजोड मान्य केली. फटाके सुरू होण्यापूर्वी टिळा, माळ, आणि मग मोत्या आतल्या खोलीत. माळ दोन मिनिटेही टिकणार नाही, असे मंडळींचे भाकीत आहे.