कोरा राहिलेला रकाना

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटमा नावाचे एक गाव आहे. आमच्या किनाऱ्यावरील वाचकांपैकी फार थोड्यांनी त्याचे नाव ऐकले असेल. परंतु ह्या गावाचा आणि कोकणाचा संबंध एक हजार वर्षांचा आहे. परमार राजा भोज ह्याने विक्रम संवत् १०७६ मध्ये, म्हणजे इ. स. १०२० मध्ये, कोकण जिंकल्याच्या पर्वानिमित्त एका ब्राह्मणास गाव दान दिले. त्या दानाचे ताम्रपट बेटम्यास सापडले आणि द. बा. डिस्कळकर ह्यांनी ते ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. भोजाचा तो कोकणविजय फार काळ टिकला नाही. दस्तऐवज मात्र टिकला. तांब्यामुळे अक्षरे वाचली हे खरेच. पण त्या अक्षरांस वजन आले ते वेगळ्या कारणाने. दात्याचे कुळ, घेणाऱ्याचे नाव, गाव व त्याची सीमा, तिथी, पुढील राजांनी हे दान मोडू नये अशी ताकीद आणि अखेरीस राजाची स्वहस्ताची निशाणी, एवढे सर्व त्यात नमूद आहे. कोणतीही गोष्ट ‘समजून घ्यावी’ म्हणून कोरी सोडलेली नाही.

आज आपण आपले दस्तऐवज कोठे कोरीत आहोत, हा प्रश्न ह्या निमित्ताने विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते. केंद्र सरकारची ‘मेघराज’ ही क्लाउड व्यवस्था २०१४ पासून सुरू आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये सरकारी खात्यांसाठी क्लाउडचे धोरण जाहीर केले. गोव्यातही दाखले आणि उतारे संगणकावरून मिळू लागले. हा बदल स्वागतार्ह आहे. एका दाखल्यासाठी काणकोणहून पणजीला तीन खेपा घालणाऱ्या माणसास त्याचे मोल सांगावे लागत नाही. परंतु हे ‘मेघ’ आभाळात नसतात. ते कोणाच्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी यंत्रांवर आणि कोणाच्या तरी आज्ञावलीवर चालतात, ह्याचा विसर पडता कामा नये.

ही व्यवस्था थोडक्यात अशी. एका मोठ्या संगणकाच्या पोटात आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक आभासी संगणक उभे करता येतात. एका वाड्यात भिंती घालून दहा बिऱ्हाडे वसवावीत आणि प्रत्येकास आपले घर स्वतंत्र आहे असे वाटावे, तसाच हा प्रकार. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात ही युक्ती काढली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती साध्या संगणकांवर आणली. पुढे बिऱ्हाडे हजारोंनी वाढली, तेव्हा ती एकेक हाताने उभारणे अशक्य झाले. म्हणून ऑटोमेशन आले. किती यंत्रे हवीत, किती स्मृती हवी, किती मुदतीसाठी हवीत, हे एका तक्त्यात लिहावयाचे. मग उभारणी, डागडुजी आणि मुदत संपताच पाडणी, सारे यंत्र आपोआप करते. ते थकत नाही, कंटाळत नाही, आणि लिहिलेल्या हुकमाबद्दल शंकाही घेत नाही. धोका नेमका ह्या शेवटच्या गुणात आहे.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात काय घडले ते पाहावे. युनिसुपर हा तेथील शिक्षणक्षेत्रातील नोकरदारांचा निवृत्तिवेतन निधी. त्याचे सहा लाखांहून अधिक सभासद. त्याचा बराच संगणकव्यवहार गूगलच्या क्लाउडवर, व्हीएमवेअरच्या आभासी यंत्रांवर चालत असे. गूगलच्या कर्मचाऱ्यांनी वर्षभरापूर्वी ही व्यवस्था उभारताना एका अंतर्गत साधनातील एक रकाना कोरा सोडला होता. कोऱ्या रकान्याचा अर्थ यंत्राने ‘मुदत एक वर्ष’ असा घेतला, आणि वर्ष भरताच ती व्यवस्था पुसून टाकली. ग्राहकास पूर्वसूचनाही गेली नाही. कारण सूचना जाते ती ग्राहकाने स्वतः पुसण्यास सांगितले तर, आणि येथे तसे कोणी सांगितलेच नव्हते. निधीने दोन निरनिराळ्या ठिकाणी दुहेरी मांडणी ठेवली होती. तीही गेली, कारण दोन्ही एकाच खात्याखाली होत्या. सुमारे आठवडाभर सभासदांस आपले खाते पाहता आले नाही. अखेर निधी सावरला तो अन्यत्र, तिऱ्हाईत कंपनीकडेही प्रती राखल्या होत्या म्हणून. ह्यात चोर नव्हता, शत्रू नव्हता, यंत्रही बिघडले नव्हते. यंत्राने आपले काम चोख केले, आणि तेच नडले.

कोणी म्हणेल, ही सातासमुद्रापलीकडची गोष्ट झाली. तर मग घरचीच पाहू. जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूरनियंत्रण यंत्रणेच्या सर्व्हरवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि नद्यांच्या पातळीची माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. महिना कोणता, हे ध्यानात घ्यावे. दुसरा विषय जमिनीचा. एक-चौदाच्या उताऱ्यावर गोव्यातील किती घरांचा जीव टांगलेला असतो, हे आम्ही सांगावयास नको. बनावट कागदपत्रे करून जमिनी हडपण्याची प्रकरणे एवढी वाढली, की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव ह्यांचा आयोग नेमावा लागला. ती लबाडी कागदावरची होती. कागदावर निदान शाई, अक्षर व शिक्का ह्यांची परीक्षा होऊ शकते. संगणकातील नोंद कोणी बदलली, केव्हा बदलली आणि मूळ नोंद काय होती, हे सांगणारी दुसरी, स्वतंत्र प्रत नसेल तर नागरिकाने दाद कोणत्या आधारावर मागावी?

तिसरा प्रश्न मालकीचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम ह्या कंपनीने व्हीएमवेअर सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली. पाठोपाठ डिसेंबरात, एकदाच पैसे भरून कायमचा परवाना विकण्याची पद्धत तिने बंद केली आणि मुदतीची वर्गणी तेवढी ठेवली. वर्षानुवर्षे ज्यांनी आपला कारभार त्या एका आज्ञावलीवर बांधला होता, त्यांच्यापुढे पर्याय दोनच उरले: सांगतील ते भाडे द्यावे, नाही तर बिऱ्हाड उचलावे. व्यापारी कंपनीने आपला नफा पाहिला, ह्यात नवल नाही. नवल वाटते ते बिऱ्हाड हलविण्याची वाट आधी न आखणाऱ्यांचे. लिनक्समध्ये २००७ मध्ये समाविष्ट झालेली केव्हीएम, २०१० मध्ये सुरू झालेली ओपनस्टॅक, अशा खुल्या आज्ञावली उपलब्ध आहेत. सी-डॅक ह्या आपल्या सरकारी संस्थेनेही ‘मेघदूत’ ही क्लाउड प्रणाली तयार केली आहे. महासंगणक हवा तसा मिळेना, तेव्हा ह्याच संस्थेने पुण्यात डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ उभा केला होता. मनुष्यबळाची वाण आपल्याकडे नाही. बेटम्याच्या शेजारच्या इंदुरात आणि पुण्यात हेच काम करणाऱ्या तरुणांची दाटी आहे. मात्र खुली आज्ञावली घेतली म्हणजे जबाबदारी संपली असेही नव्हे. ती चालविणारी जाणती माणसे पदरी ठेवावी लागतात आणि त्यांस पगारही द्यावा लागतो.

म्हणून आमचे म्हणणे सरकारपुढे स्पष्ट मांडतो. जमीन, जन्म-मृत्यू आणि निवृत्तिवेतन ह्यांच्या नोंदींची एक प्रत मूळ व्यवस्थेशी संबंध नसलेल्या दुसऱ्या हाती असलीच पाहिजे, आणि वर्षातून एकदा ती प्रत उघडून, त्यावरून कारभार चालवून पाहिला पाहिजे. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, समजूत आहे. कोणतीही नोंद वा यंत्रणा पुसण्याचा हुकूम दोन जबाबदार अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून अमलात येऊ नये. ठेकेदाराशी करार करतानाच, तो सोडून जाण्याची रीत व खर्च लिहून घ्यावा. आणि उभारणीच्या तक्त्यातील प्रत्येक रकाना काय सांगतो, हे समजणारा निदान एक माणूस खात्याच्या स्वतःच्या सेवेत असावा. सारे ज्ञान ठेकेदाराच्या डोक्यात आणि खात्याच्या हाती केवळ पावती, ही स्थिती राज्यकारभारास शोभणारी नाही.

ह्या मागण्यांसाठी खर्च येईल, हे आम्ही जाणतो. पण सहा लाख माणसांची पुंजी ज्या एका दुसऱ्या प्रतीने वाचविली, तिच्या खर्चाची आठवण आज त्या निधीत कोणी तक्रारीने काढीत नसेल. भोजराजाच्या लेखनिकाने हजार वर्षांपूर्वी तांब्यावर गावाची सीमा लिहिताना जी दक्षता घेतली, तीच आजच्या संगणकचालकाने घ्यावी, एवढीच ही अपेक्षा. साधन बदलले. दस्तऐवजामागे कोणा तरी माणसाची निशाणी असावी लागते, हे मात्र बदललेले नाही.