नाला म्हणून मोकळे होऊ नका

जर्मनीतल्या एका ओहोळाविषयी आपल्या मासिकात लिहायचे म्हटले की काहींच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. त्या देशाचे नाव आपल्या घरांत सहज निघत नाही, आणि ते रास्तच आहे. परंतु आमचे आजचे भांडण आपल्याच तोंडातल्या एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे ‘नाला’.

रूहर भागातल्या बोट्रोप शहरात बोये नावाचा ओहोळ आहे. सपाट, रेताड जमिनीतून संथपणे वाहतो आणि एम्शर नदीस मिळतो. कोळशाच्या खाणींमुळे तिथली जमीन खचे, जमिनीखाली गटारे घातली तर ती फुटत. म्हणून १८९९ साली स्थापन झालेल्या एम्शर संघाने नदी व तिचे ओहोळ सिमेंटच्या सरळ पाटांत कोंडले आणि शहरांची घाण त्यांतून उघडीच वाहू दिली. लोक त्यांना ‘क्योटेलबेके’ म्हणत, म्हणजे विष्ठेचा ओढा. असे नाव एकदा पडले की त्यात आणखी एक बादली ओतताना कोणाचा हात अडत नाही.

खाणी उत्तरेकडे सरकल्यावर १९९२ च्या सुमारास दुरुस्ती सुरू झाली. ५१ किलोमीटरचे भूमिगत गटार बांधले गेले. २०२१ अखेर एम्शरमध्ये सांडपाणी सोडणे थांबले. खर्च साडेपाच अब्ज युरोंच्या आसपास.

‘त्यांच्याकडे पैसा आहे हो!’ हे उत्तर आम्हास पाठ आहे. पैशाने गटार बांधता येते, सिमेंट उखडता येते. पण मासा कुठून आणणार? बोयेच्या वरच्या अंगास, जिथे घाण पोचली नव्हती, तिथे एम्शर खोऱ्यातला ग्रोपे नावाचा तळाशी राहणारा लहानसा मासा तग धरून होता. स्वच्छ झालेल्या इतर ओहोळांत सोडण्यासाठी मासे तिथूनच नेले. तो वरचा तुकडाही ‘नालाच तर आहे’ म्हणून बुजवला असता, तर एवढे अब्ज ओतून नुसते स्वच्छ, रिकामे पाणी मिळाले असते. नवगावच्या किनाऱ्यावर सात जोडपी वाचली व त्यांतून आपण झालो, असे मानणाऱ्या समाजास हे फोड करून सांगायला नको.

आणि आपल्याकडे? १९९७ साली मक्काबिया खेळांच्या वेळी यार्कोनवरचा पूल कोसळला. चार ऑस्ट्रेलियन खेळाडू दगावले, त्यांतले बहुतेक नदीच्या घाणेरड्या पाण्याच्या संसर्गाने. तरीही आमच्या गावच्या पालिकेने ओहोळाचे काम काढले ते काठावर हिरवळ, बाके आणि दिवे लावण्याचे. पाण्यास हातच लावला नाही. उद्घाटनास आपलीही मंडळी गेली, फोटो निघाले. कोकणात ओहोळात डुंबलेली, खेकडे धरलेली ही माणसे, नाकास रुमाल लावून टाळ्या वाजवत होती!

पालिकेच्या पुढच्या सभेस जा आणि एवढेच विचारा: वरच्या अंगास कोणाचा पाइप सुटतो, आणि तो कधी बंद होणार? हिब्रू अडखळत असेल तर नातवंडांना बरोबर न्या.