सोसू नका, सांगा!

गुडघे दुखतात म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई दवाखान्यात आल्या. औषध घेऊन दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या आणि मान खाली घालून म्हणाल्या, "डॉक्टर, खोकलं की लघवी होती. बसलं की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं." कधीपासून, असे विचारले. "धाकटीच्या लग्नाआधीपासून." धाकटीचा मुलगा आता शाळेत जातो! एवढ्या वर्षांत बाईंनी एसटीचा प्रवास सोडला, सप्ताहात कीर्तनाला बसणे सोडले; पण घरात कोणाला सांगितले नाही.

केडगाव परिसरात अशा भगिनी मला नेहमी भेटतात. 'वय झालं, चालायचंच' हे त्यांचे ठरलेले उत्तर. मला ते मान्य नाही.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना ती खालून आधार देते. बाळंतपणात ती ताणली जाते. पुढे पाळी जाण्याच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी, इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते, तेथील त्वचा पातळ व कोरडी पडते. वयाने स्नायूही सैल होतात. त्यात बाळंतपणानंतर लगेच उचललेले हंडे, उसाच्या मोळ्या, जुना खोकला आणि बद्धकोष्ठ यांची भर पडली की लघवी सुटते, अंग बाहेर येते.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पण पूर्वी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के स्त्रियांची! आजही माझ्या दवाखान्यात हा संकोच मला दिसतो.

उपाय साधा आहे. लघवी व वारा रोखताना जे स्नायू आवळतात, तेच आवळा. पाच अंक मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, पोट-मांड्या आवळू नका, आणि हा व्यायाम लघवी करताना करू नका. अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला. निदान तीन महिने नेमाने केल्यास लघवी सुटण्यावर पुष्कळ गुण येतो. अंग जास्त बाहेर येत असेल तर आधाराची रिंग बसवता येते, गरजेप्रमाणे शस्त्रक्रियाही होते.

मात्र 'पिशवी काढली की कटकट मिटली' या समजुतीने घाई करू नका. नुसती पिशवी काढल्याने खालचे स्नायू बळकट होत नाहीत. सोबत बीजकोश काढले तर पाळी जाण्याचे सारे त्रास अकाली सुरू होतात. तज्ज्ञाकडून तपासून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले किंवा लघवी अडली, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

शेवटी घरच्या पुरुषांना एक सांगणे. आई किंवा बायको बाहेर जायचे टाळू लागली, तर ते मायेने विचारा. बाळंतिणीच्या डोक्यावरचा हंडा आपण उचला. औषधाच्या चिठ्ठीवर मला तो लिहून देता येत नाही.