दलालबाई म्हणा हवं तर!

‘मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळून करता येईल असं काही काम सुचवा,’ अशी पत्रं येतात, तेव्हा आपण शिकवण्या, पाळणाघर, पोळीभाजीचे डबे, साड्यांचे फॉल-बिडिंग अशी ठराविक उत्तरं देतो. आज जरा निराळं काम सांगणार आहे. जागांच्या खरेदी-विक्रीचं, म्हणजे इस्टेट एजंटचं. नाक मुरडलंत ना? ‘दलाल’ हा शब्दच आपल्याकडे असा काही उच्चारला जातो, की भल्या घरच्या बाईनं त्या वाटेला जाऊ नये असंच वाटावं. पण वसई-विरारकडे आता बऱ्याच बायका हे काम करताहेत. आणि ज्यांना करायचं नाही, पण कधी ना कधी आपली जागा विकावी लागणार आहे, त्यांनीही ते आतून कसं चालतं ते पाहून ठेवावं.

आमच्या ओळखीच्या एक वहिनी विरारला हे काम गेली आठ वर्षं करताहेत. सकाळी धाकट्याला शाळेत सोडायचं, अकरा ते चार जागा दाखवायच्या, संध्याकाळी फोन. त्यांच्याकडून समजलेली पहिली गोष्ट अशी, की या धंद्यात गिऱ्हाईक मिळणं हे अवघड काम नाहीच! मुंबईत जागा परवडत नाही म्हणून विरार लोकलने घर शोधत येणारी माणसं रोज आहेत. अवघड असतो तो विकणारा. ज्याच्याकडे जागेची किल्ली, त्याच्याकडे गिऱ्हाईक. म्हणून एजंटची खरी धावपळ चालते ती विकणाऱ्याच्या दारात.

वहिनींना पहिल्या किल्ल्या मिळाल्या त्या भिशीतून आणि हळदीकुंकवातून. कुणाचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला, कुणाला सासूबाईंसाठी लिफ्टची इमारत हवी, कुणाचं दुसरं अपत्य झालं आणि वन रूम किचन पुरेना. जाहिरात वाचून कळण्याआधी या गोष्टी बायकांना बायकांकडून कळतात. सोसायटीचे सेक्रेटरी, वॉचमन, वाणी यांच्याशी ओळख हवीच, पण ‘मावशी, जागा काढायची झाली तर मला आधी सांगा हं’ हे वाक्य पुरुष एजंटला स्वयंपाकघरात उभं राहून म्हणता येत नाही. इथे बाईमाणसाचा हात वरचा आहे.

आता विकणाऱ्याला भुलवायचं कसं, तेही ऐका. समजा, तुमच्या इमारतीत चाळीस लाखांच्या आसपास जागा जाताहेत. तीन एजंट घरी आले. पहिला म्हणाला चाळीस, दुसरा म्हणाला एकोणचाळीस, तिसऱ्याने पंख्याकडे बघत सांगितलं, ‘सेहेचाळीस आणून देतो, गिऱ्हाईक तयार आहे!’ किल्ली कुणाला द्याल? तिसऱ्यालाच. मग दोन महिने कुणी फिरकत नाही. जागा सगळ्या बाजाराच्या नजरेत जुनी होते. ‘इतके दिवस पडून आहे, काहीतरी असणार,’ असं लोक म्हणू लागतात. आणि तोच एजंट तोंड पाडून येतो, ‘मार्केट बसलंय हो, अडतीसला एक पार्टी आहे.’ तोवर तुम्ही नव्या जागेला बयाणा दिलेला असतो. तुम्ही अडतीसला हो म्हणता. वर ‘मी होतो म्हणून एवढे तरी आले’ हे ऐकून घेता!

यावर उपाय सोपा आहे. शेजारच्या जागा खरोखर कितीला गेल्या, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये इंडेक्स टू काढून पाहता येतं. घरी कॉलेजात जाणारं कुणी असेल तर अर्ध्या तासात होईल. वहिनी विकणाऱ्याकडे जाताना त्याच इमारतीतले, नाही तर शेजारच्या इमारतीतले असे तीन-चार व्यवहार वहीत लिहून नेतात आणि भावाचा आकडा त्यातूनच काढतात. सुरुवातीला यामुळे दोन-चार किल्ल्या हातच्या गेल्या. पण त्यांनी सांगितलेल्या भावाला जागा गेली, की त्याच मजल्यावरचं पुढचं घर आपणहून त्यांच्याकडे येतं.

भावाहूनही मोठा प्रश्न आमच्याकडे कागदांचा आहे. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका आणि भोवतालच्या ५३ ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. त्याआधी १९९० पासून या पट्ट्याचं नियोजन सिडकोकडे होतं, ते २०१० पर्यंत. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या तीन इमारतींना तीन काळांतल्या तीन निराळ्या कचेऱ्यांचे कागद असू शकतात. केळीच्या वाड्या आणि मिठागरं भराभर इमारतींखाली गेली. त्या घाईत कुठे परवानगी चार मजल्यांची आणि इमारत सहा मजल्यांची, तर कुठे परवानगीच नाही, असं होऊन बसलं. बनावट शिक्के मारून केलेले परवाने तर विचारूच नका. २०२३ साली विरारला अशा खोट्या कागदांवर उभ्या राहिलेल्या ५५ इमारतींचं प्रकरण उघडकीला आलं.

याचं पुढे काय होतं ते आपण पाहिलंय. नालासोपारा पूर्वेला अगरवाल नगरीत ४१ इमारती होत्या. जागा सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीला त्या पाडायला सुरुवात झाली आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत सगळ्या जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबांनी भरल्या घरातून भांडीकुंडी बाहेर काढली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला, हरतालिकेच्या मध्यरात्री, विरारच्या विजय नगरमधली रमाबाई अपार्टमेंटची बाजू कोसळली. इमारत अनधिकृत होती. १७ माणसं गेली. त्या घरांचे हप्ते बायकांनी मंगळसूत्र मोडून भरलेले असतील, त्यांना ती घरं कुणीतरी फिरवून दाखवली असतील, ‘एकदम क्लिअर टायटल’ म्हणून सांगितलं असेल. ज्याने दाखवली त्याची दलाली केव्हाच खिशात गेली होती.

म्हणून वहिनींचा नियम असा, की किल्लीच्या आधी कागद. फोटो काढण्याआधी, भाव सांगण्याआधी विकणाऱ्या बाईला त्या कागदांची पिशवी काढायला लावतात. बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे करारनामे ओळीने, त्यांच्या नोंदणीच्या पावत्या आणि इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचा बिनशेती आदेश. परवानगीचा क्रमांक घेऊन त्या महापालिकेच्या नगररचना विभागात चौकशी करतात. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज. ‘घरपट्टीची पावती आहे की!’ असं नव्वद जणी म्हणतात. मैत्रिणींनो, घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. विजेचं बिलही येतं. करारनामा नोंदवलेला असला, म्हणजे इमारत कायदेशीर ठरते असंही नाही. नोंदणी होते ती तुमच्या व्यवहाराची.

एकदा त्यांच्याकडे एक बाई आल्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांत घेतलेली दोन खोल्यांची जागा. मुलीच्या लग्नासाठी विकायची होती. परवानगीचा क्रमांक तपासला तर तो भलत्याच सर्व्हे नंबरचा निघाला! वहिनींनी समजावून सांगितलं, की मी ही जागा कुणाला दाखवू शकत नाही. बाई रडल्या, मग चिडल्या. ‘आम्हाला नाही का कुणी फसवलं? आम्ही कुठे जायचं? दुसरे एजंट देतातच की विकून.’ आणि खरोखरच दुसऱ्या एजंटने महिन्याभरात ती जागा विकून दिली. वहिनींना वाटेत त्या भेटल्या तर अजून मान फिरवतात. त्या बाईंनाही कुणीतरी फसवलेलंच होतं, त्यांना दोष देणं माझ्या जिवावर येतं. पण ती जागा घेणाऱ्या घरातही एखादी मुलगी असेलच ना? एजंटबाईला दोन्ही घरं दिसत असतात. हे काम हाती घ्यायचं तर अशा दिवशी रिकाम्या हाताने घरी यायची तयारी ठेवावी लागते. ती नसेल तर शिकवण्याच बऱ्या.

आणखी एक अडचण मला मुद्दाम लिहायची आहे, कारण ती फक्त बायकांवर येते. यजमान वारले, सोसायटीत नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव आहे, म्हणून जागा तिची झाली असं ती धरून चालते. तसं नसतं. नॉमिनी म्हणजे सोसायटीने तात्पुरतं सभासद म्हणून कुणाशी बोलायचं, एवढंच. मालकी वारसांची असते. मृत्युपत्र नसेल तर मुलांची आणि हिंदू कुटुंबात सासूबाई हयात असतील तर त्यांचीही. त्या सगळ्यांच्या सह्या, नाही तर नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. मूल अठराच्या आतलं असेल तर त्याच्या वाट्यासाठी कोर्टाची परवानगी. हे सगळं टोकन घेतल्यावर निघालं की गिऱ्हाईक हातचं जातं आणि दिराच्या-जावेच्या घरी खेटे सुरू होतात. वहिनी अशा वेळी आधी वकिलाकडे पाठवतात आणि मगच बोर्ड लावतात. जागा दोघांच्या नावावर करून ठेवणं आणि यजमानांनी मृत्युपत्र करणं, या दोन गोष्टी आजच सुचवा. विषय काढायला अवघड वाटतो हे कबूल. जेवणं झाल्यावर काढा.

काम सुरू करायचं असेल तर कायदाही माहीत हवा. महारेरा २०१७ सालापासून आहे. रेरात नोंदलेल्या नव्या प्रकल्पातल्या जागा विकायच्या तर एजंटची नोंदणी सक्तीची. एकट्या व्यक्तीला त्याची फी दहा हजार रुपये, मुदत पाच वर्षं. २०२३ साली त्यात प्रशिक्षणाची आणि परीक्षेची अटही आली. ती मराठीतही देता येते, तेव्हा पदवी नाही म्हणून मागे राहू नका. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातल्या जागा एजंटने विकायला हातच लावायचा नाही. जुन्या इमारतीतल्या घराच्या फेरविक्रीला मात्र ही नोंदणी लागत नाही, आणि गोची तिथेच आहे. कुणीही उठतो आणि एजंट होतो. म्हणून विकणारीनेच सावध राहावं.

घर दाखवण्याबद्दल थोडं. रंगरंगोटीवर खर्च करू नका. गॅलरीतली अडगळ काढा, उडालेला बल्ब बदला, मोरीचा वास घालवा, दुपारच्या झोपेच्या वेळी गिऱ्हाईक बोलावू नका. भिंतीला ओल असेल तर वरून रंग फासून लपवू नका, पहिल्या पावसात ती वर येते आणि भांडण दारात येतं. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात होतं, तेव्हापासून प्रत्येक जण विचारतो, ‘इथे पाणी भरतं का?’ जिन्यापर्यंत येत असेल तर जिन्यापर्यंत येतं असं सांगावं. वॉचमनला विचारल्यावर त्यांना कळणारच असतं. फोटोत देवघर, कपाटं आणि मुलं येऊ देऊ नका. आणि एजंट बाईंनो, अनोळखी माणसाला रिकामी जागा दाखवायला एकटीने जायचं नाही. वहिनी शेजारची मुलगी, नाही तर वॉचमन बरोबर घेतात आणि कोणत्या इमारतीत चाललो ते घरी कळवून ठेवतात.

पैशांचं शेवटी. दलाली साधारण एक-दोन टक्के असते. किती, कुणाकडून आणि केव्हा, हे आधी कागदावर लिहून घ्या. किल्ली एकाच एजंटला द्यायची असेल तर त्यालाही मुदत घाला, दोन किंवा तीन महिने. टोकन वीस हजार किंवा त्याहून अधिक असेल तर रोख घेऊ नका. आयकराच्या नियमात घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणारा म्हणजे विकणारा! ‘थोडे कॅशमध्ये चालतील ना?’ या गोड प्रश्नाला चेक किंवा बँकेतून, एवढंच म्हणा. सोसायटी हस्तांतरासाठी मोठी देणगी मागू लागली, तर महानगरपालिका हद्दीत हस्तांतराचा प्रीमियम जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये घेता येतो, हे चहा देता देता सेक्रेटरींच्या कानावर घाला. दलालीचा पूर्ण चेक टोकनच्या दिवशी देऊ नका; थोडी रक्कम तेव्हा आणि उरलेली रजिस्ट्रेशन होऊन तुमचे पैसे खात्यात जमा झाले, की मग. वहिनी स्वतःही तशीच घेतात.