राखोलीला कोणता रंग द्यायचा?

ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात वारली १९०५ सालच्या मराठीच्या खंडात सापडते. शेजारची धोडिया १९०७च्या भिली बोलींच्या खंडात गेली. पुढे २०११च्या जनगणनेने वारलीलाही भिलीच्याच गटात नेऊन बसवलं. या बदलीची खबर दादरा-नगर हवेलीतल्या खानवेल-दुधनीच्या पाड्यांवर कुणाला लागली असेल, असं वाटत नाही.

बोलींचे नकाशे आम्हाला मनापासून आवडतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने महाराष्ट्रात गावोगाव हिंडून केलेलं सर्वेक्षण सुट्टीत चाळत बसावं असं आहे. एकाच वस्तूला, एकाच नात्याला कुठे काय म्हणतात, ते नकाशावर दिसतं. पण नकाशात ठिपका पडतो तो गावाचा, आणि नगर हवेलीतल्याच राखोलीत तेवढ्याने भागत नाही.

पाळी सुटायच्या वेळी दमणगंगेच्या पुलाजवळ उभं राहा. घरी वारली बोलणारी बाई कारखान्यात मुकादमाशी हिंदी बोलते, वाण्याकडे तेल घेताना गुजराती, आणि सोयरीक जव्हारकडची असली की तिच्या बोलण्याला मराठी वळण येतं. याला भेसळ म्हणून नाक मुरडणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांनी एका दिवसात एवढ्या भाषांत उधारी मिटवून दाखवावी!

हे एका रात्रीत झालेलं नाही. १७८३मध्ये पेशव्यांकडून नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, १९५४मध्ये मुक्त झाली; पुढे करसवलतींमुळे कारखाने आले आणि त्यांच्यामागून उत्तरेकडचे कामगार. हिंदी इथे शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकातून जास्त आली, असं आमचं मत आहे.

म्हणून प्रगणकाने ‘मातृभाषा कोणती?’ एवढंच विचारून वही मिटू नये. आजीशी काय बोलता, शेठशी काय, भावंडांत काय, फोनवर काय, असे रकाने हवेत. चिडल्यावर काय बोलता, हाही एक रकाना ठेवावा. खरं उत्तर बहुधा तिथेच मिळेल.

या अंकात वारली, कोकणा आणि धोडियातला मजकूर आहे. तो जसा सांगितला गेला तसाच छापला आहे. ऱ्हस्व-दीर्घाची लाल पेन्सिल त्या पानांवर फिरू दिलेली नाही. मुद्रितशोधक अजून रुसलेले आहेत. अर्थ अडला तर मोठ्याने वाचून पाहा, आणि तरीही अडला तर त्या पट्ट्यातल्या कुणाला तरी फोन लावा.