घोडा दलदलीत रुततो तेव्हा

सुट्टीत मुलांना ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ दाखवायचा बेत असेल, तर अम्मी-अब्बांनी तो आधी स्वतः पाहून घ्यावा. मायकेल एंडे यांच्या जर्मन कादंबरीवर वोल्फगांग पीटरसन यांनी १९८४ साली काढलेला हा चित्रपट.

काळा लांडगा भीतिदायक आहेच. स्फिंक्सच्या दारात जळालेल्या योद्ध्याचा चेहरा क्षणभर दिसतो, तोही. पण मुले रडतात ती घोड्यापाशी. अत्रेयू हा मुलगा आपला घोडा आर्टॅक्स याला घेऊन दुःखाच्या दलदलीतून निघतो. दुःखाने ज्याला घेरले तो तिथे बुडतो. घोडा थांबतो. मुलगा लगाम ओढतो, विनवतो, ओरडतो. घोडा हलत नाही. मारणारा कुणीच नाही, म्हणून ते जास्त लागते.

अगदी लहानांना हा चित्रपट नकोच, असे आमचे मत. जाणत्या मुलांना आधीच सांगून टाकावे, की घोडा शेवटी पुन्हा दिसतो. गंमत गेली तर जाऊ द्या! आणि “रडतोस काय, सिनेमाच तर आहे” हे वाक्य कुणी उच्चारू नये.

एक मात्र जपा. गोष्ट वाचणाऱ्या बास्टियनची आई वारलेली आहे. सुरुवातीलाच, नाश्त्याच्या वेळी, तो आई स्वप्नात आल्याचे सांगतो आणि वडील विषय आवरता घेतात. तुमच्या घरात नुकताच कुणाचा इंतिकाल झाला असेल, तर मूल घोड्यासाठीच रडते आहे असे धरून चालू नका. चित्रपट थांबवा, त्याला जवळ घ्या, आणि दादीविषयी बोलायचे असेल तर बोलू द्या. उरलेला चित्रपट उद्या पाहता येईल.